टोस्टरला रंग कळतो का?

ब्रेडच्या दोन स्लाइस टोस्टरच्या खाचांत सोडायच्या, बाजूचा दांडा खाली दाबायचा आणि थोडा वेळ वाट पाहायची. दोनेक मिनिटांनी खट् असा आवाज होतो आणि दोन्ही बाजूंनी खरपूस झालेला टोस्ट वर उडतो. बटण ‘२’वर असेल तर टोस्ट फिकट, ‘५’वर असेल तर गडद.

टोस्ट झाला हे टोस्टरला कसे कळते, असे वर्गात विचारले तर साधारणपणे दोन उत्तरे येतात. काही मुले म्हणतात, “वेळ संपली की तो बंद होतो.” काही म्हणतात, “पुरेसा गरम झाला की बंद होतो.” दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, मात्र वेगवेगळ्या टोस्टरांबाबत. “ब्रेड तांबूस झालेला त्याला दिसतो,” असे उत्तरही एखादा विद्यार्थी देईल. आपल्याला हवा असतो तो रंगच. पण घरोघरच्या टोस्टरांत रंग पाहणारा भाग नसतो. मग रंग न पाहता तो रंग कसा सांभाळतो? या छोट्या प्रश्नातून विद्युत, उष्णता, रसायन आणि मापन या चारही विषयांत डोकावता येते.

खरपूस होणे म्हणजे काय?

आधी ब्रेडमध्ये काय घडते ते पाहू या. एका स्लाइसचे वजन साधारण २५ ते ३० ग्रॅम असते आणि त्यात एक तृतीयांशाहून थोडे अधिक पाणी असते. स्लाइस तापू लागली की पृष्ठभागाजवळचे पाणी वाफ होऊन निघून जाऊ लागते. हे पाणी आहे तोपर्यंत पृष्ठभागाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. मिळालेली उष्णता वाफ करण्यातच खर्च होते. कागदाच्या द्रोणात पाणी उकळता येते, कागद जळत नाही, त्याचे कारणही हेच.

पृष्ठभाग कोरडा झाला की चित्र बदलते. तापमान भराभर चढते आणि १४० अंशांच्या आसपास ब्रेडमधील शर्करा व प्रथिनांतील अमिनो आम्ले यांच्यातील अभिक्रिया जोर धरते. लुई कामिय माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या अभिक्रियेचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. तिच्यातून तपकिरी रंगाची आणि खमंग वासाची अनेक संयुगे तयार होतात. पोळीवरचे डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, कॉफीच्या बियांचा रंग या सर्वांत या अभिक्रियेचा मोठा वाटा आहे. तापमान आणखी वाढले की शर्करेचे विघटन होते आणि शेवटी उरतो तो काळा, कडवट कोळसा.

यातून लक्षात ठेवण्यासारख्या दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, रंग वेळेच्या प्रमाणात बदलत नाही. पहिले एक मिनिट ब्रेड जवळजवळ पांढराच राहतो आणि पुढे मात्र झपाट्याने रंगतो. दुसरी अशी की, पांढरा पृष्ठभाग त्याच्यावर पडलेल्या प्रारणाचा बराच भाग परत फेकतो. तपकिरी पृष्ठभाग अधिक शोषतो. म्हणजे रंग चढू लागला की तो चढण्याचा वेगही वाढतो. म्हणून खरपूस आणि करपलेला यांत काही सेकंदांचेच अंतर असते.

हे अंतर सांभाळण्याला चवीपलीकडचेही एक कारण आहे. पिष्टमय पदार्थ १२० अंशांहून जास्त तापवले की त्यांत ॲक्रिलामाइड नावाचे संयुग तयार होते, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले. प्राण्यांना मोठ्या मात्रेत दिल्यास ते कर्करोगकारक ठरते. माणसांच्या आहारातील अल्प प्रमाणाबद्दल तसा निर्णायक पुरावा मिळालेला नाही. तरीही टोस्ट काळा न करता सोनेरी ठेवावा, हा सल्ला शहाणपणाचाच आहे.

तापणारी तार

टोस्टरच्या खाचेत डोकावले तर अभ्रकाच्या पातळ पत्र्यांवर गुंडाळलेली चपटी तार दिसते. अभ्रक विद्युतरोधक आहे आणि उष्णताही चांगली सोसतो. तार असते निक्रोमची. हा साधारण ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम यांचा मिश्रधातू. अल्बर्ट मार्श या अमेरिकी अभियंत्याला १९०६ मध्ये त्याचे पेटंट मिळाले आणि त्यानंतरच विजेवर चालणारी भाजण्याची उपकरणे खऱ्या अर्थाने टिकाऊ झाली. लोखंडाची तार लाल होईपर्यंत वारंवार तापवली तर ती गंजून तुटते. निक्रोमवर क्रोमियम ऑक्साइडचा चिवट थर तयार होतो आणि आतला धातू सुरक्षित राहतो. शिवाय निक्रोमची रोधकता तांब्याच्या साठपटीहून अधिक असल्याने थोड्या लांबीच्या तारेत पुरेशी उष्णता निर्माण होते.

निक्रोमचा आणखी एक गुण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जुन्या पद्धतीच्या विजेच्या दिव्यातील टंगस्टनच्या तारेचा रोध ती पेटल्यावर दहापटीच्या आसपास वाढतो. निक्रोमचा रोध थंड असताना आणि लालबुंद असताना जवळजवळ सारखाच असतो. फरक दहा टक्क्यांपेक्षाही कमी पडतो. म्हणून दांडा दाबल्यापासून शेवटपर्यंत टोस्टर जवळजवळ एकाच दराने ऊर्जा घेत राहतो.

आता हिशेब करू या. ८०० वॅटचा टोस्टर १२० सेकंदांत ९६,००० ज्यूल ऊर्जा घेतो. दोन स्लाइसमधून मिळून ८ ग्रॅम पाणी उडाले असे धरू. एक ग्रॅम पाण्याची वाफ करण्यासाठी सुमारे २,२६० ज्यूल लागतात. म्हणजे ८ ग्रॅमसाठी सुमारे १८,००० ज्यूल. एकूण ऊर्जेच्या पाचव्या भागाहूनही हे कमी आहे. आणखी थोडी ऊर्जा ब्रेड तापवण्यात जाते. उरलेल्या मोठ्या भागाने टोस्टरचे धातूचे अंग आणि आजूबाजूची हवा तापते. ही ‘वाया गेलेली’ उष्णताच पुढे घोटाळा करणार आहे.

पहिला उपाय : वेळ मोजणे

सुरुवातीच्या टोस्टरांत नियंत्रण असे नव्हतेच. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९०९ मध्ये बाजारात आणलेल्या टोस्टरात ब्रेडची एकच बाजू भाजली जाई. माणसाने समोर उभे राहून लक्ष ठेवायचे, स्लाइस उलटायची आणि वेळेवर काढायची. थोडक्यात, नियंत्रण करणारे यंत्र म्हणजे माणसाचे डोळे आणि नाक.

लक्ष जरा चुकले की टोस्ट करपे. यावर अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील चार्ल्स स्ट्राइट याने उपाय शोधला. ठरावीक वेळेनंतर वीज बंद करून स्प्रिंगच्या जोराने टोस्ट वर ढकलणाऱ्या यंत्राचे पेटंट त्याला १९२१ मध्ये मिळाले. हे यंत्र आधी उपाहारगृहांत आले आणि १९२६ मध्ये ‘टोस्टमास्टर’ या नावाने घरांत पोचले. वेळ मोजण्यासाठी त्यात घड्याळासारखी यंत्रणा होती.

यानंतर दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, अमेरिकेतील मिसुरी राज्यात ऑटो रोहवेडर याच्या यंत्राने कापलेला ब्रेड विकायला आला. या दोन घटनांचा परस्परसंबंध विद्यार्थ्यांना शोधायला सांगावा. सुरीने कापलेली प्रत्येक स्लाइस वेगळ्या जाडीची असते. तिला लागणारी वेळही वेगळी. यंत्राने कापलेल्या स्लाइस एकसारख्या असतात, म्हणून एकीसाठी जुळवलेली वेळ दुसरीलाही चालते. वेळेवर विसंबून राहायचे तर बाकीच्या गोष्टी स्थिर असाव्या लागतात.

पण त्या नेहमी स्थिर कुठे असतात? आपल्याकडचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे विद्युतदाब. तारेचा रोध स्थिर असेल तर शक्ती विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला ८०० वॅट घेणारा टोस्टर २०० व्होल्टला किती घेईल? २०० भागिले २३०, त्याचा वर्ग सुमारे ०.७६, म्हणजे फक्त ६०५ वॅट. विद्युतदाब १३ टक्क्यांनी उतरला आणि शक्ती २४ टक्क्यांनी घटली. ९६,००० ज्यूल मिळण्यासाठी आता १२० ऐवजी सुमारे १६० सेकंद हवेत. निव्वळ वेळ मोजणाऱ्या यंत्राला हे कळत नाही. ते १२० सेकंद झाले की मुकाट्याने थांबते आणि टोस्ट पांढराच बाहेर येतो. संध्याकाळी ज्या भागांत दिवे मंद होतात तेथे टोस्टरचे बटण पुढे का सरकवावे लागते, याचे उत्तर या वर्गाच्या नियमात आहे.

दुसरा घोटाळा त्या वाया गेलेल्या उष्णतेचा. पहिल्या खेपेला टोस्टर थंड असतो, दुसऱ्या खेपेला त्याचे अंग आधीच तापलेले असते. वेळ मात्र तेवढीच. परिणामी पहिला टोस्ट फिकट आणि पुढचे गडद होत जातात.

दुसरा उपाय : वाकणारी पट्टी

हा दोष घालवण्यासाठी वेळेऐवजी तापमानाचा आधार घेण्यात आला. त्यासाठी वापरतात ती द्विधातू पट्टी, म्हणजे वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंच्या एकमेकींना घट्ट जोडलेल्या पट्ट्या. पितळेची एक मीटर लांबीची पट्टी एका अंशाने तापली की सुमारे १९ मायक्रोमीटरने वाढते. इन्व्हार या लोखंड-निकेल मिश्रधातूची जेमतेम एक-दीड मायक्रोमीटरने. दोन्ही एकत्र जोडल्या तर तापल्यावर पट्टी इन्व्हारच्या बाजूला वाकते. हे वाकणे ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की खटका सुटतो आणि टोस्ट वर येतो. बटण फिरवल्याने पट्टीला किती वाकावे लागेल ते अंतर बदलते. आपल्या इस्त्रीतही अशीच पट्टी असते.

टोस्टर आधीच गरम असेल तर पट्टीही थोडी वाकलेलीच असते, म्हणून खटका लवकर सुटतो. दुसऱ्या खेपेचा टोस्ट करपत नाही. पण येथे उलटी अडचण येऊ शकते. पट्टी निवण्याआधीच नवा ब्रेड घातला तर खटका फारच लवकर सुटतो आणि ब्रेड अर्धाकच्चा बाहेर येतो. पट्टीला ब्रेडचे तापमान कळत नाही. ती जेथे बसवली आहे तेथले तापमान तेवढे तिला कळते.

मग पट्टी ब्रेडकडेच वळवली तर? अमेरिकेतील सनबीम कंपनीने १९४९ मध्ये आणलेल्या टोस्टरात हेच केले होते. तारेच्या थेट आचेपासून आडोशाला ठेवलेली द्विधातू पट्टी ब्रेडच्या पृष्ठभागाकडे तोंड करून असे आणि त्याच्याकडून येणारी उष्णता टिपत असे. ब्रेड ओला असेल तर त्याचा पृष्ठभाग १०० अंशांभोवती रेंगाळतो, पट्टी थांबून राहते. शिळा कोरडा असेल तर पृष्ठभाग लवकर तापतो, पट्टी लवकर सुटते. विद्युतदाब उतरला तर जास्त वेळ लागतो, पण टोस्ट होतो. या टोस्टरला दाबायचा दांडाही नव्हता. स्लाइसच्या वजनाने वीज सुरू होई, तापलेली तार किंचित लांब होई आणि तरफांच्या साहाय्याने ही किंचित वाढ मोठी करून स्लाइस हळूच खाली उतरवली जाई.

मर्यादा मात्र यालाही होत्या. पट्टी एकाच खाचेकडे पाहत असल्याने एकच स्लाइस भाजायची तर ती त्याच खाचेत घालावी लागे. आणि साखर घातलेला गोड ब्रेड त्याच तापमानाला साध्या ब्रेडपेक्षा अधिक गडद होतो, हे तापमानावरून कसे कळणार?

आजचा टोस्टर

आजच्या बहुतेक टोस्टरांनी पुन्हा वेळेचाच मार्ग धरला आहे. घड्याळाच्या जागी इलेक्ट्रॉनिक मंडल आले एवढेच. त्याचे मूळ तत्त्व विद्युतधारक आणि रोध यांच्या जोडीत आहे. १०० मायक्रोफॅरडचा धारक १० लाख ओहमच्या रोधातून भरू लागला तर त्या दोहोंचा गुणाकार १०० सेकंद येतो. एवढ्या वेळात धारक सुमारे ६३ टक्के भरतो. धारकाचा विद्युतदाब ठरलेल्या पातळीला पोचला की मंडल काम थांबवते. रंगाचे बटण म्हणजे प्रत्यक्षात बदलता येणारा रोध. तो वाढवला की धारक सावकाश भरतो आणि टोस्ट जास्त भाजला जातो. नव्या मंडलांत विद्युतस्पंद मोजणारी चिप असते, पण हेतू तोच.

दांडा खाली धरून ठेवतो तो एक छोटा विद्युतचुंबक. वेळ संपली की त्याचा प्रवाह बंद होतो आणि स्प्रिंग टोस्ट वर ढकलते. अशा टोस्टरात वीज नसताना दांडा कितीही दाबला तरी खाली राहत नाही, हे पाहण्यासारखे आहे. भाजताना मध्येच वीज गेली तर टोस्ट आपोआप वर येतो. वीज परत आली तेव्हा कोणी जवळ नसले तरी टोस्टर स्वतःहून सुरू होत नाही. बिघाड झाला तर यंत्र सुरक्षित बाजूलाच पडावे, ही अभियांत्रिकीतली महत्त्वाची विचारसरणी येथे सहज दाखवता येते.

काही टोस्टरांत तापमानानुसार रोध बदलणारा थर्मिस्टर जोडून गरम टोस्टरसाठी वेळ कमी केली जाते. गोठवलेल्या ब्रेडसाठी असलेले बटण साधारणपणे वेळच वाढवते.

मग थेट रंगच का पाहत नाहीत? ब्रेडवर प्रकाश टाकून परावर्तन मोजता येते. पण लालबुंद तारेचा स्वतःचा प्रकाश मध्ये येतो, संवेदकावर चुरा आणि काजळी बसते, आणि गव्हाचा ब्रेड मुळातच तपकिरी असतो. तेव्हा रंग किती आहे हे पाहून भागत नाही, मुळापासून किती बदलला ते पाहावे लागते. रोजच्या वापराच्या स्वस्त वस्तूत हे सारे बसवणे परवडत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. कागदाच्या पट्टीवर ॲल्युमिनियमची पन्नी खळीने चिकटवा. वाळल्यावर सुमारे एक सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब पट्टी कापा. चिमट्यात धरून मेणबत्तीच्या ज्योतीपासून बरीच वर, कागद पेटणार नाही अशी, धरा. पट्टी कोणत्या बाजूला वाकते? निवल्यावर काय होते?

२. एकाच पुड्यातील पाच स्लाइस घ्या. तवा मध्यम आचेवर सारखा तापवून एकेक स्लाइस अनुक्रमे ३०, ६०, ९०, १२० आणि १५० सेकंद भाजा. प्रत्येकीचे आधीचे व नंतरचे वजन घ्या. स्लाइस ओळीने मांडा आणि रंगाला ० ते १० गुण द्या. वेळ आणि रंग यांचा आलेख सरळ रेषा येतो का? हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः समोर राहून करवून घ्यावा.

३. एखाद्याच्या घरी टोस्टर असेल तर तो न उघडता त्याची यंत्रणा ओळखता येते. टोस्टर पूर्ण थंड असताना एका आकड्यावर किती सेकंद लागतात ते मोजा. टोस्ट बाहेर येताच लगेच नव्या स्लाइस घालून पुन्हा मोजा. वेळ तीच आली तर यंत्र निव्वळ वेळ मोजते. कमी आली तर त्याला टोस्टरचे तापमान कळते. आता पुन्हा थंड टोस्टरात एकदा ताजी आणि एकदा फ्रीजमध्ये गोठवलेली स्लाइस घालून, बटण न बदलता, वेळ मोजा. ब्रेडनुसार वेळ बदलली तर टोस्टरला ब्रेडची काहीतरी खबर लागते आहे. बटणावरचे आकडे म्हणजे मिनिटे असतात, असा समज आहे. तोही याच वेळी तपासून होईल.

एक सूचना सक्तीची समजावी. अडकलेला ब्रेड काढण्यासाठी सुरी, चमचा किंवा काटा खाचेत कधीही घालू नये. निक्रोमची तार उघडी असते आणि टोस्टर बंद दिसत असतानाही तिच्यात विद्युतदाब असू शकतो. आधी प्लग काढावा, टोस्टर निवू द्यावा, मगच तो उलटा करून हलवावा.

मोजायचे एक, मोजतो दुसरे

टोस्टरच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात हवा होता रंग. मोजली गेली कधी वेळ, कधी टोस्टरचे तापमान, कधी ब्रेडचे. हे केवळ टोस्टरचे वैशिष्ट्य नाही. पाऱ्याच्या तापमापीत आपण पाहतो ती पाऱ्याच्या स्तंभाची उंची. ताणकाट्यावर वजन म्हणून वाचतो तो स्प्रिंगचा ताण. कुकरमध्ये वरण शिजले की नाही हे आपण शिट्ट्या मोजून ठरवतो. आणि डाळ जुनी असली किंवा झाकणाची रिंग सैल झाली की तीन शिट्ट्यांचा हिशेब चुकतो. परीक्षेत आपण देतो ते गुण, आणि आपल्याला जाणून घ्यायची असते ती मुलांची समज. हेही त्याच जातीचे मापन आहे.

बदली राशी मोजण्यात गैर काही नाही. बहुतेक मापन तसेच होते. मात्र ती ज्या गोष्टी स्थिर धरते त्या खरोखर स्थिर आहेत का, हे अधूनमधून तपासावे लागते. म्हणून कोणतेही उपकरण समोर आले की विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारण्याची सवय लावावी : हे प्रत्यक्षात काय मोजते? आणि काय बदलणार नाही असे गृहीत धरते? टोस्टरपासून सुरुवात करायला हरकत नाही. त्यात चूक झाली तर फार तर एक स्लाइस करपेल.